चेहऱ्यावरचं तेज

चारुलता टोकेकर बावीस वर्षं एकाच पॅथॉलॉजीत नोकरीला होती. सकाळी साडेसहाला लोकमान्य नगरातून स्कूटी काढायची, वाटेत तीन-चार म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन रक्त घ्यायची आणि आठ वाजता लॅबमध्ये हजर. शिक्षण म्हणाल तर बीएस्सी आणि वर टेक्निशियनचा डिप्लोमा. पण हात असा, की ज्यांच्या नसा कुणालाच सापडत नाहीत अशी माणसं आधी फोन करून विचारायची, टोकेकर मॅडम आज आहेत ना. लग्न तिने केलं नव्हतं. आई गेल्यापासून ती कृष्णराव बोधनकरांच्या वरच्या मजल्यावर एकटीच राहत होती. कृष्णराव शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, इंदिराकाकू घरीच, मुलगा सार्थक पुण्यात. चारुलता नावापुरती भाडेकरू. चतुर्थीला जेवायला खाली, ताप आला की काकूंची पेज वर.

मग लॅब विकली गेली. दिल्लीच्या कुठल्याशा साखळीने ती घेतली आणि पोरसवदा मॅनेजर आला. त्याने चारुलताला सांगितलं, की नुसतं रक्त काढायचं नाही, प्रत्येक पेशंटला फुल बॉडी पॅकेज घ्यायला लावायचं. तिला ते जमेना. साखर तपासायला आलेल्या म्हातारीला व्हिटॅमिनच्या सतरा टेस्टा कशा विकायच्या? सहा महिन्यांनी एका संध्याकाळी तिला एक केक, एक कुंडीतलं रोप आणि टाळ्या देऊन घरी पाठवण्यात आलं. वय सत्तेचाळीस.

पंधरा दिवसांत देवांश केकरे तिच्या दारात आला. पूर्वी तो औषध कंपनीचा एमआर होता. टाय लावून, बॅग मांडीवर घेऊन लॅबच्या बाकावर तासन्‌तास बसायचा, तेव्हापासूनची ओळख. आता टाय नव्हता, पांढरा कुर्ता होता, आणि बरोबर दोन पोरं त्याला 'देवांश भिया', म्हणजे भैया, म्हणत मागे चालत होती. तो तिला पोहे खायला घेऊन गेला.

"ताई, तुमच्याकडे काय आहे माहिताय? भरोसा," जिलेबीचा तुकडा मोडत तो म्हणाला. "लोक तुमच्या हातात हात देतात आणि तोंड दुसरीकडे फिरवतात. तुम्ही काय करताय ते बघतसुद्धा नाहीत. असा भरोसा मी मार्केटमध्ये शोधायला निघालो ना, मिलेगा नहीं."

लॅबचा मॅनेजर सहा महिन्यांत तिच्याशी असं एक वाक्य बोलला नव्हता. चारुलता सुखावली. देवांशची कंपनी नवी होती, तेजोवन वेलनेस. तेजोवन गोल्ड नावाची पावडर: अश्वगंधा, शतावरी, गिलोय, एकूण एकवीस वनस्पती, सकाळी कोमट पाण्यातून एक चमचा. आधी स्वतः घ्यायची, मग दोन जणांना जोडायचं, त्यांनी आणखी दोघांना. चारुलताने लोकांना जोडायचं नव्हतं, नुसतं तपासायचं होतं.

पहिल्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तिच्याकडे एक पांढरा कोट आला. खिशावर निळ्या धाग्याने शिवलं होतं, डॉ. चारुलता.

तिने लगेच फोन लावला. "देवांश, मी डॉक्टर नाहीये."

"ताई, डॉ. म्हणजे डॉक्टरच, असं कुणी सांगितलं? आपल्याकडे डॉ. म्हणजे डायरेक्टर. कुणी विचारलं तर सांगू ना आपण."

दोन वर्षांत कुणीही विचारलं नाही.

कोटाबरोबर एक यंत्र आलं होतं. शाळेच्या डब्याएवढी पेटी, तिला वायर, वायरच्या टोकाला पितळी कांडी. कांडी मुठीत धरायची, मिनिटभरात लॅपटॉपमधून तीस पानांचा रिपोर्ट बाहेर. लिव्हर हिरवं, किडनी पिवळी, सांधे लाल. चारुलताने घरी कांडीभोवती ओला टॉवेल गुंडाळून पाहिला. यंत्राने सांगितलं, की टॉवेलचं लिव्हर कमजोर आहे, गुडघ्यांत वात साठलाय आणि हार्मोन्सचं संतुलन थोडं बिघडलंय. ती पोट धरून हसली. ही गंमत खाली जाऊन कृष्णरावांना सांगायची म्हणून जिन्यापर्यंत गेली आणि तिथून परत फिरली. सोमवारी पहिला कार्यक्रम होता, आणि कोट तिने इस्त्री करून खुर्चीवर टाकला होता.

कार्यक्रम विजय नगरातल्या हॉटेलात असायचे. दारातच एवढा अत्तराचा फवारा मारलेला, की घशात बसायचा. आत गेल्या गेल्या अनोळखी माणसं मिठ्या मारायची. तेजोवनमध्ये हात मिळवत नसत, मिठी मारत. घामाने ओले कुर्ते, केसांना चोपडलेलं तेल आणि कानाशी "चॅम्पियन, चॅम्पियन". मग दिवे मंद व्हायचे आणि निधी रडायची. निधीचं सुदामा नगरात ब्यूटी पार्लर होतं. ती रडत रडत सांगायची, की थायरॉइडने तिला पलंगाला खिळवलं होतं आणि गोल्डने उठवलं. चारुलताने तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने तिचं रक्त घेतलं होतं. थायरॉइड अगदी व्यवस्थित होता. हे निधीलाही ठाऊक होतं, आणि चारुलता समोर उभी आहे हेही. तरी ती दर सोमवारी त्याच वाक्यावर, तशीच रडायची. पहिल्यांदा चारुलताला मळमळलं. चौथ्या सोमवारी तिने निधीला पाण्याचा ग्लास नेऊन दिला.

मग तिचं नाव पुकारलं जायचं. "आपल्या डॉक्टर मॅडम." दोनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवायची. बावीस वर्षं तिने लोकांचं रक्त काढलं, तेव्हा कुणी उठून उभं राहिलं नव्हतं.

पावडरीने खरोखर गुण येत होता, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. सांवेरच्या बायका आठ दिवसांत परत येऊन सांगायच्या, की कंबर मोकळी झाली. गौतमपुऱ्याच्या एका दुकानदाराची दम्याची उबळ थांबली. लोकांना भूक लागायची, झोप कमी आणि अंगात शक्ती. चारुलता स्वतःशीच म्हणायची, यंत्र थोतांड आहे ठीक, पण औषध तर चांगलं आहे ना. वर्षभरात तेजोवनचं ऑफिस तीन मजली झालं. तिने स्कूटी विकून गाडी घेतली. पावडर ती स्वतः घेत नव्हती. चव तिला सहन व्हायची नाही, गोडसर आणि मागून जिभेवर चिकटून राहणारी कडवट. पण डबा टेबलावर दिसेल असा ठेवायची.

खालच्या मजल्यावर गोल्ड नेलं ते निधीने. इंदिराकाकूंचे गुडघे महिन्याभरात असे सुटले, की त्या चढून वर गच्चीत पापड घालायला गेल्या. मग कृष्णरावांनीही सुरू केलं. त्यांना अकरा वर्षं मधुमेह होता आणि दर महिन्याला चारुलताच त्यांची साखर तपासायची. पण देवांशचा नियम होता, की तेजोवनच्या लोकांनी रक्त काढत बसायचं नाही, यंत्र आहे ना. तिने काकांची साखर तपासणं बंद केलं. एका संध्याकाळी त्यांनी तिला जिन्यात गाठलं.

"चारू, निधी म्हणते आता शुगरच्या गोळ्या सोडून द्या. तू सांग, सोडू का?"

चारुलताला उशीर होत होता. खाली गाडी उभी होती, हातात कोट होता.

"एकदम नका सोडू काका. कमी कमी करून बघा," ती म्हणाली.

"तू म्हणतेस तर ठीक," कृष्णराव म्हणाले आणि बाजूला झाले.

दसऱ्यानंतर बायपासवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये तेज महोत्सव झाला. वर्षभर गोल्ड घेतलेल्या एकेचाळीस माणसांना मंचावर उभं केलं होतं आणि मागच्या मोठ्या पडद्यावर एकेकाचा चेहरा येत होता. निवेदक ओरडत होता, "चेहऱ्यावरचं तेज बघा." चारुलता खाली पहिल्या रांगेत होती. सातवा-आठवा चेहरा आला तेव्हा तिच्या टाळ्या थांबल्या. माणसं वेगवेगळी होती, कुणी सांवेरचं, कुणी देवासचं, पण चेहरा एकच होता. गोल, तुकतुकीत, फुगलेला, गाल कानापर्यंत आलेले, डोळे बारीक झालेले, मानेच्या मागे मांसाचा उंचवटा. हा चेहरा तिने लॅबमध्ये शेकडो वेळा पाहिला होता. वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारी माणसं अशीच दिसतात. त्यांची कातडी सुईखाली कागदासारखी फाटते. तेज नव्हतंच ते, सूज होती.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. ती उठून बाहेर गेली आणि केटररच्या तंबूमागे, कांद्याच्या सालींवर ओकली. परत आली तेव्हा निधी मिठी मारायला पुढे झाली. निधीचाही चेहरा तोच होता.

पुढच्या आठवड्यात तिने सात जणांचं रक्त काढलं. कंपनीला फाइल करायची आहे, असं खोटं सांगितलं. एका जुन्या ओळखीच्या छोट्या लॅबमध्ये नमुने दिले. पाच जणांची उपाशीपोटी साखर दोनशेच्या वर होती; त्यांतल्या दोघांना मधुमेह कधी नव्हताच. आणि सातही जणांचं सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, जवळजवळ शून्य. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं, की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. आता शंकेला जागा नव्हती.

ती सांवेर रोडवरच्या गोदामात गेली. तिथे याआधी तिला कधी कुणी नेलं नव्हतं. सियागंजच्या घाऊक बाजारातून आलेली पोती भिंतीला लावलेली. एकातून काड्या आणि लाकडाचा भुसा बाहेर आला होता. एकवीस वनस्पती त्या एवढ्याच. मध्ये फिरणारा ड्रम. कोपऱ्यात दोन बायका तोंडाला ओढणी बांधून पांढऱ्या बारीक गोळ्या पत्र्याच्या डब्यातून मिक्सरच्या भांड्यात ओतत होत्या. जमिनीवर उंदरांच्या लेंड्या होत्या आणि त्यावरूनच झाडू फिरवून सांडलेली पावडर परत ड्रममध्ये जात होती.

देवांश अर्ध्या तासात पोहोचला. येताना त्याने कचोऱ्या आणल्या होत्या.

"किती दिवसांपासून चाललंय हे?" चारुलताने विचारलं.

"सुरुवातीपासून, ताई. नाहीतर तुम्हाला काय वाटलं, अश्वगंधाने चार दिवसांत गुडघे चालायला लागतात?" त्याला जराही संकोच वाटत नव्हता. "बसा ना. दहा वर्षं एमआर होतो. मी बघितलंय, पेशंटला काय पाहिजे असतं. त्याला आज बरं वाटलं पाहिजे. बस."

"लोकांच्या साखरा वाढल्यात, देवांश. दोनशे, अडीचशे."

"मला माहिताय. तर शुगरसाठी आपला दुसरा प्रॉडक्ट येतोय जानेवारीत. तेजोवन मधुहर. त्याच लोकांना. तुम्हीच लॉन्च करणार आहात, बॅनर छापायला गेलाय."

"तू स्वतः घेतोस हे?"

"मी कशाला घेऊ?" तो खरोखरच चकित झाला. मग कचोरीचा कागद तिच्यापुढे सरकवून म्हणाला, "गरम आहे, खा. आणि हे बघा ताई, कोट कुणी घातला होता? रिपोर्टवर सही कुणाची आहे? मी तर नुसता कुर्तेवाला माणूस. आपण एका गाडीत बसलोय, इतकंच म्हणतोय मी."

चारुलताने कचोरी खाल्ली. पुढे कित्येक दिवस तिला त्या कचोरीची आठवण झाली की बोटं धुवावीशी वाटायची. भूक नव्हती, समोरच्या माणसाची शिसारी आली होती, आणि तरी तिने ती शेवटपर्यंत खाल्ली, बोटं कागदाला पुसली. सोमवारी हॉटेलच्या दारात निधी कोट धरून उभी होती. चारुलताने हात मागे केले आणि बाह्यांत घातले.

असं अडीच-तीन महिने चाललं. आपण हळूहळू बाहेर पडू, असं ती स्वतःला सांगायची. एकदा तिने कृष्णरावांना म्हणून पाहिलं, "काका, पावडर थोडे दिवस बंद ठेवा ना." ते म्हणाले, "आत्ता कुठे बरं वाटतंय गं. रोज आठ हजार पावलं चालतो. कंपनीची वॉकिंग स्पर्धा आहे, नवे बूट घेतलेत." त्यानंतर खालच्या दारावरून ती भराभर निघून जाऊ लागली.

संक्रांतीला मात्र जावंच लागलं. तिळगूळ घेऊन ती खाली गेली. दिवाणखान्यात धुपाचा एवढा धूर होता, की डोळे चुरचुरले.

"कपाटामागे उंदीर मेलाय बहुतेक," इंदिराकाकू म्हणाल्या. "तीन दिवस झाले, वास जात नाही. उद्या कुणाला तरी बोलावून कपाट सरकवते."

चारुलता दारातच थांबली. धुपाच्या खाली तो दुसरा वास होता, गोड आणि सडका. बावीस वर्षांत तो तिने इतक्या वेळा घेतला होता, की कपाटाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती कृष्णरावांच्या खुर्चीपुढे खाली बसली आणि त्यांच्या उजव्या पायातला मोजा ओढला. मोजा चिकटला होता. ओला करून, सोडवून काढावा लागला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडली होती. टाचेपाशी बुटाने आलेला फोड फुटून आतपर्यंत गेला होता आणि त्यातून करडा स्राव येत होता.

"दुखत नाही फारसं," कृष्णराव म्हणाले. "म्हणून म्हटलं, भरून येईल."

"गोळ्या घेताय ना काका?"

"शुगरच्या? त्या तर दिवाळीआधीच सोडल्या. तू कमी करून बघ म्हणाली होतीस ना."

साखर चारशे साठ निघाली. हॉस्पिटलमध्ये आधी बोटं कापली, मग पाऊल, आणि सातव्या दिवशी पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सार्थक पुण्याहून आला, आठ दिवस राहिला, चारुलताने किती धावपळ केली म्हणून तिचे आभार मानले आणि परत गेला. ते आभार तिला अंगावर थुंकल्यासारखे वाटले.

वॉर्डात दुपारी काकू जेवायला गेल्या असताना तिने कृष्णरावांना सगळं सांगितलं. यंत्र, टॉवेल, गोळ्या, गोदाम. ते गणिताचा पेपर तपासताना बसत असतील तसे चष्मा हातात घेऊन बसले होते.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्यानंतर."

"आणि मी दिवाळीच्या आधी गोळ्या सोडल्या." ते खिडकीकडे पाहू लागले. चादरीखाली एक पाय लांब होता, दुसरा मध्येच संपत होता. मग म्हणाले, "इंदिराला आत्ता सांगू नकोस. घरात भाजी-औषधं आणायला तिला कुणीतरी लागणार आहे, आणि तुझ्याशिवाय कोणी नाही. पण माझ्यासमोर येत जाऊ नकोस. मला तुझी किळस येते, चारू. बोलवत नाही याहून जास्त."

तिथून ती सरळ औषध खात्याच्या ऑफिसात गेली. दोन डबे, सात जणांचे रिपोर्ट आणि गोदामाचे मोबाइलवर काढलेले फोटो. इन्स्पेक्टर बाईंनी जबाब लिहून घ्यायला सुरुवात केली.

"आप वहाँ क्या थीं?"

"डॉक्टर."

"कहाँ से किया?"

"कहीं से नहीं," चारुलता म्हणाली.

बाईंनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं, मग तेही लिहून घेतलं.

बारा दिवसांनी गोदामावर आणि ऑफिसवर एकाच सकाळी छापा पडला. नमुन्यांत स्टेरॉइड निघालं. पेपरात फोटो आले, लोकांना जोडायचं कंपनीचं ॲप बंद झालं, तीन मजली ऑफिसच्या काचा लोकांनी फोडल्या. मधुहरचे बॅनर, चारुलताचा कोटातला हसरा फोटो असलेले, गुंडाळलेल्या अवस्थेतच जप्त झाले. गुन्ह्यात तिचंही नाव होतं. वकिलाने सांगितलं, की माफीचा साक्षीदार झालात तरी पूर्ण सुटका होईल असं धरून चालू नका. तिने ते धरलंच नव्हतं. गाडी विकली. कोट पोलिसांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेला.

देवांश एकोणीस दिवस आत होता. जामिनावर सुटला तेव्हा तुरुंगाच्या दारात चाळीसेक माणसं हार घेऊन उभी होती. त्याचा व्हिडिओ चारुलताने पाहिला. हार घालणारे बहुतेक त्याच मंचावरचे चेहरे होते. सूज अजून उतरली नव्हती. सांवेरची एक बाई कॅमेऱ्यासमोर सांगत होती, की बड्या दवा कंपन्यांनी भियांना फसवलं, आता आमच्या कमरेचं कोण बघणार. फसवणारा बाहेर आला म्हणून फसलेली माणसं फुलं उधळत होती.

निधी तिला किराणा दुकानात भेटली.

"तुला त्रास होत होता तर तू निघून जायचंस ना," निधी शांतपणे म्हणाली. "बाकीच्यांचं कशाला बिघडवलंस? माझ्याखाली तीनशे लोक होते."

"निधी, त्यात स्टेरॉइड होतं. तुझ्या चेहऱ्याकडे बघ."

"माझा चेहरा लोकांना आवडतो." तिने पर्समधून एक कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. नवी कंपनी, अल्कलाइन पाण्याचं मशीन. "राग नाहीये माझा तुझ्यावर. ह्यात यायचं असेल तर सांग. तुझं नाव लोक विसरतील वर्षभरात, पण तू बोलतेस छान."

चारुलताने भाजी, दूध, काकांची औषधं आणणं चालू ठेवलं होतं. पिशवी ती जिन्याच्या पायरीवर ठेवायची, काकू उचलून घ्यायच्या. त्यांना वाटायचं, पोलिसांच्या भानगडीमुळे पोरगी लाजते. दोनदा तिच्या ओठांवर आलं होतं. दोन्ही वेळा तिला कृष्णरावांचे शब्द आठवले, आणि खरं सांगायचं तर ते शब्द तिला सोयीचेही होते.

वैशाखात एका सकाळी इंदिराकाकू स्वतःच वर आल्या. जिना चढून धापा टाकत होत्या. दारात उजेड होता, आणि चारुलताने कित्येक आठवड्यांनी त्यांना नीट पाहिलं. गाल फुगून चकाकत होते. हातांवर निळे-जांभळे डाग होते, नुसती पिशवी धरल्याने उठतात तसे.

"तुझ्याकडे एखादा डबा उरला असेल तर दे गं," काकू म्हणाल्या. "निधीने चार दिले होते छाप्याच्या वेळी, तो शेवटचा संपत आला. एक दिवस घेतलं नाही तर उठवत नाही मला. ह्यांना नको सांगूस."

"काकू, तुम्ही अजून घेताय?"

"मग काय करू? ह्यांना उचलायचं, बसवायचं, मला गुडघे नकोत?"

चारुलताने त्यांना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं. या वेळी काहीच गाळलं नाही. जिन्यातला तो प्रश्न आणि तिने दिलेलं उत्तरसुद्धा. काकू ऐकत होत्या, त्यांचा हात मांडीवर उघडा पडला होता.

"ह्यांना ठाऊक आहे?"

"हो. हॉस्पिटलपासून."

"आणि तू मला रोज भाजी आणून देत होतीस," काकू म्हणाल्या. मग, जमिनीकडे बघत, "म्हणजे डबा नाहीच?"

काकूंना ती काय म्हणणार? ही सवय तिनेच लावली होती, दोनशे माणसांच्या टाळ्यांत उभं राहून.

"डबा मिळाला तरी नको. आणि एकदम बंदही करता येणार नाही, काकू. शरीर ते बनवायचं विसरलंय; एकदम थांबवलं तर जिवावर बेतेल. डॉक्टरच्या हाताखाली थोडं थोडं उतरवावं लागेल. आजच जाऊ."

"म्हणजे तेच विष पुन्हा खायचं?"

"मोजून. कमी करत करत."

रिक्षात काकूंनी मध्ये पर्स ठेवली आणि पलीकडच्या कडेला सरकून बसल्या. तासभर रांगेत थांबल्यावर नंबर लागला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी काकूंचे हात पाहिले, मानेमागचा उंचवटा चाचपला, उरलेली पावडर बोटावर घेऊन पाहिली.

"माताजी, ये किसने दिया आपको?"

काकूंनी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"मैंने," चारुलता म्हणाली.

"आप डॉक्टर हैं?"

"नहीं."

डॉक्टरांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. बाकावर खोकणारी, कण्हणारी माणसं होती. एक बाई शेजारणीला कुठल्याशा काढ्याचा पत्ता सांगत होती आणि शेजारीण तो मोबाइलमध्ये लिहून घेत होती. चारुलता मध्ये पडणार होती, पण तिचं ऐकायचं तरी कुणी आणि का?

अर्ध्या तासाने काकू बाहेर आल्या. चष्मा घरी राहिला होता. क्षणभर उभ्या राहून त्यांनी हातातला कागद चारुलतापुढे धरला, तिच्याकडे न बघता.

चारुलताने वाचून दाखवलं. पहिले दोन आठवडे सकाळी खाऊन झाल्यावर इतकी गोळी, पुढचे दोन आठवडे तिच्याहून कमी, मग आणखी कमी; दर आठवड्याला साखर तपासायची, चक्कर आली तर लगेच यायचं. एकूण पाच महिने.

"पुन्हा वाच," काकू म्हणाल्या. "हळू."

तिने पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.